आधी मला बंद करा

मी बोलतेय, पण जरा हळू. अजून पुरती जागी झालेले नाही. नाकावर गोधडी आहे, काचांवर आतून बर्फाची पानंफुलं उमटली आहेत, आणि पोटातलं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट झालंय. अशा वेळी जे सुचतं ते अर्धं स्वप्न असतं. तरी ऐका.

मी एक गाडी. चारही चाकांनी ओढणारी. म्हणजे एक चाक घसरलं तर उरलेली तिघं त्याला सांभाळून घेतात. माणसांच्या कुटुंबांत हे फारसं दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जन्म माझा जपानमधला. जन्माचं मला फारसं आठवत नाही. खूप उजेड होता आणि कोणीतरी आपल्याला उलटसुलट करून पाहत होतं, एवढंच. माझे पहिले मालक सुगावारा. पियानोचे सूर जुळवून द्यायचं काम करायचे. हिवाळ्यात बर्फातल्या गावांना आम्ही दोघं जायचो. संध्याकाळी घरी आलो की ते मला बंद करायचे, पण लगेच उतरायचे नाहीत. माझं इंजिन निवताना बारीक टकटकतं, ते डोळे मिटून ऐकायचे. मग स्टिअरिंगवर थोपटून म्हणायचे, "दमलीस." रोज हाच एक शब्द.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. मला विकताना त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मला की घेणाऱ्याला, ते मला अजून कळलेलं नाही.

मग जहाज. मग आगगाडी. मग एका मोठ्या ट्रकच्या पाठीवर कितीतरी दिवस. डोळे उघडले तेव्हा मी सायबेरियात, याकुत्स्कच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उभी होते, आणि माझ्या चाकांना काळं पॉलिश चोपडत प्रोकोप नावाचा दलाल गुणगुणत होता. दाखवायच्या मुलीला पावडर लावतात ना, तसं.

इथे नोव्हेंबर लागला की गाड्या बंद करत नाहीत. बाजारात नाही, दुकानापुढे नाही, लग्नाच्या मांडवापुढेही नाही. थंडीच तशी. बंद पडलेली गाडी वसंतातच उठायची. म्हणून सगळ्या जागत उभ्या राहतात, धूर सोडत, डोळे लाल करून. शहरभर त्या धुराचं धुकं. जपानमध्ये रोज रात्री झोपणारी मी. मला ते भारी जड गेलं.

तिथे एक दिवस आयताल आला, आणि त्याच्या मागे, कोल्ह्याच्या केसाळ टोपीत जवळजवळ हरवलेली, त्याची बायको कुन्नेय. लग्न नुकतंच झालेलं. तो गाड्यांच्या चाकांना लाथा मारून पाहत होता, पुरुष मारतात तशा. त्याने काय कळतं ते चाकांनाही माहीत नाही. ती नुसती बघत होती.

त्यांना गाडी का हवी होती, ते मला घरी जाताना कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. आयतालची आई आनिसबाई नदीपलीकडे राहते, बर्फाच्या वाटेने अर्ध्या दिवसावर. एकटी, पण घोडे आहेत. आदल्या हिवाळ्यात यांची जुनी गाडी बसली आणि कित्येक आठवडे तिच्यापर्यंत कोणी पोचू शकलं नाही. तेव्हा शहरातल्या थोरल्या मुलाने, मिचिलने, याच दोघांच्या लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर अट घातली. दर रविवारी कोणीतरी आईकडे पोचलंच पाहिजे. एक रविवार जरी चुकला, तरी तो घराला कुलूप लावणार, घोडे विकणार आणि आईला आपल्या पाचव्या मजल्यावर नेणार.

"पाचव्या मजल्यावर मी घोडे कुठे बांधू रे? गॅलरीत?" आनिसबाईंनी विचारलं होतं. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. आणि नवी नवरी, दिवसभर एक शब्द न बोललेली, म्हणाली होती, "आम्ही येऊ."

तर बाजारात प्रोकोप माझे गुण गात होता. "ऐका, कसा आवाज आहे! मांजर झोपल्यासारखा!"

"बंद करा," कुन्नेय म्हणाली.

"काय?"

"हिला बंद करा. पूर्ण गार होऊ दे. मग चालू करून दाखवा."

आजूबाजूचे विक्रेते वळून बघायला लागले. प्रोकोपने छातीला हात लावला. "वहिनी, नव्या नवरीला उलट बोलू नये म्हणतात, म्हणून गप्प बसतो. पण या दिवसांत गाडी बंद करणं म्हणजे तान्ह्या बाळाला दुलईतून बाहेर ओढणं!"

"कुन्नेय, असं कोणी करतं का?" आयताल तिच्या कानाशी म्हणाला. "चालू आहे ना? मग झालं."

"तूही लग्नाआधी किती गोड होतास," ती म्हणाली, तितक्याच हळू, पण बाजार कान देऊनच उभा होता. "सकाळी उठताना पाहिलं नव्हतं तुला."

काय हशा पिकला! प्रोकोपही हसला, आणि हसलेला दलाल अर्धा हरलेला असतो. "घ्या! भाऊंची सकाळ निघाली बाजारात! बरं वहिनी, तुमच्यासाठी." आणि त्याने किल्ली फिरवली.

शांत झाले मी. कितीतरी महिन्यांनी. ती दोघं खानावळीत घोड्याच्या मांसाचा रस्सा प्यायला गेली आणि मी झोपले. परत आली तेव्हा माझ्या नाकावर कडक पांढरी साय धरली होती. तिने हातमोजा काढून माझ्यावर तळवा ठेवला, मी खरंच गार झालेय का ते बघायला. मग किल्ली. मी खाकरले. पुन्हा किल्ली. कण्हले. तिसऱ्या वेळी उठले, कुरकुरत, पण उठले.

"ही," ती म्हणाली.

आनिसबाईंनी मला न पाहताच माझ्यासाठी गोधडी शिवून ठेवली होती. आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, वर जुने कोट उसवून जोडलेले तुकडे. एक बाही तशीच राहिलीये, अजून आहे. पहिल्या रविवारी मी अंगणात शिरले तर त्या बाहेर येऊन माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "यंदा मला दोन सुना आल्या. एक बोलत नाही, दुसरी धूर सोडते."

रविवार चालू झाले. माझं स्टिअरिंग उजवीकडे, आणि इथली वाहतूकही उजव्या अंगाने. त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडायचं तर चालवणाऱ्याला समोरचं दिसतच नाही, शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. आयताल विचारायचा, "येतंय कोणी?" ती बघून म्हणायची, "थांब." किंवा "जा." त्यांचा संसार पहिले काही महिने या दोन शब्दांवर चालला. बरा चालला. पुष्कळांचा चारशे शब्दांवर चालत नाही.

गोठलेल्या नदीवर उतरताना ती काच जराशी खाली करून आंबोळीचा तुकडा बर्फावर टाकायची. नदीला घास दिल्याशिवाय तिच्या अंगावरून जायचं नाही, अशी रीत. आणि किती वाजता पोचू, हे तोंडाने म्हणायचं नाही. वाट ऐकत असते.

मग जानेवारीतला तो रविवार आला. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी, आणि दुपार असून सगळीकडे दुधासारखं धुकं. वाटेत एक जीपवाला पेट्रोल संपून उभा होता. हिवाळ्याच्या वाटेवर थांबलेल्या माणसाला ओलांडून जात नाहीत, गेलं तर ती वाट तुम्हाला परत येऊ देत नाही. आयतालने आपला राखीव डबा त्याच्या टाकीत ओतला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटू नये.

पण पुढे नदीवर बर्फाच्या भेगेतून पाणी वर आलं होतं. वरून पापुद्रा, खाली चिखलासारखा लगदा. माझी पुढची दोन्ही चाकं आत गेली आणि बघता बघता भोवती गोठली. चौघांपैकी दोघं अडकली की मागच्यांनाही काही करता येत नाही. आयताल कुऱ्हाड घेऊन उतरला, बर्फ तासायला लागला. मी चालूच होते. थोड्या वेळाने तो भुवया पांढऱ्या करून आत आला.

"बरंच तासायचंय. तासता तासता दिवस जाईल."

कुन्नेयने काट्याकडे पाहिलं. "ही अशीच चालू राहिली तर पेट्रोल त्याच्या आत संपेल. बंद करू या."

"वेड लागलंय का तुला? बंद केली तर मेली!"

"बाजारात उठली होती."

"तो बाजार होता! ही नदी आहे! तुझ्या हट्टापायी दोघं जाऊ, कळतंय का? मी चालत जातो आईकडे."

"धुक्यात गाडी सोडून? तूच मला शिकवलंस, कधीही सोडायची नाही." तिने काट्यावर बोट ठेवलं. "आपोआप बंद पडेल तेव्हा हिच्याकडे उठायलाही काही उरणार नाही. आज नाही पोचलो तर मिचिलदादा आईंना नेतील. त्या तिकडे जगायच्या नाहीत, आयताल. श्वास घेतील फक्त."

तिने हात लांबवून किल्ली फिरवली.

किती शांतता झाली ती. नदीच जणू कान टवकारून बसली. तिने उतरून मला गोधडी पांघरली, बाही नीट खोचली. मग दोघं कातड्याच्या कोटाखाली, डब्यात लावलेल्या मेणबत्तीशी बसली, आणि आळीपाळीने कुऱ्हाड घेऊन जात राहिली. भांडण झालेली माणसं एका कोटाखाली कशी बसतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी खांदे लागू देत नाहीत. मग लागू देतात.

मी मात्र खाली खाली चालले होते. स्वप्नात समुद्र होता. किनाऱ्यावर एक पियानो, त्याच्यावर बर्फ पडत होता, आणि सुगावारा एकेक पट्टी दाबून बघत होते. आवाज येत नव्हता. "दमलीस," ते म्हणाले. मला हो म्हणायचं होतं. एकदा हो म्हटलं असतं तर उठायची गरजच नव्हती.

तेवढ्यात पोटाखाली ऊब लागली.

आधी वाटलं, स्वप्नच आहे. उन्हाळा आहे, वाळूवर उभी आहे मी. मग घोडा फुरफुरला.

"झोपल्या का दोघी सुना?"

आनिसबाई! बुटकी केसाळ घोडी, मागे घसरगाडी, घसरगाडीत लोखंडी घमेलं, घमेल्यात चुलीतले निखारे. ते त्या माझ्या पोटाखाली सरकवत होत्या.

"आई! तू? तुला कसं कळलं?" आयतालच्या डोळ्यांत पाणी आलं, तिथेच गोठलं.

"कान आहेत मला. या थंडीत आवाज लांबून येतो. दर रविवारी हिचा घरघराट ऐकला की मी चहा ठेवते. आज ठेवला, आणि आवाज थांबला. इथे आवाज थांबतो का कधी? म्हटलं, काहीतरी झालंय." त्यांनी कुन्नेयकडे पाहिलं. "कोणी बंद केली?"

"मी," कुन्नेय म्हणाली. मान खाली.

"बरं केलंस. चालू ठेवली असतीस तर वाटलं असतं, येतायत सावकाश. वाट बघत बसले असते चुलीशी." आणि कोटातून लोकरीत गुंडाळलेली किटली काढली. "घ्या. दूध थोडं सांडलंय. घोडी माझ्यासारखीच चालते, तिच्या मनात येईल तशी."

नदीच्या मधोमध उभं राहून तिघांनी चहा घेतला. आंबोळ्या खाल्ल्या. एक तुकडा नदीला, आणि एक आनिसबाईंनी माझ्या बॉनेटवर ठेवला. मग चाकं मोकळी झाली. किल्ली. मी खाकरले. किल्ली. कण्हले. तिसऱ्या वेळी कोण हाक मारतंय ते ओळखलं आणि उठले.

आनिसबाईंच्या घरी फोन लागतो तो फक्त गवताच्या गंजीवर चढल्यावर. संध्याकाळी मिचिलला फोन करायची वेळ झाली. आयताल चढायला निघाला होता, पण म्हातारी आधी पोचली. खालून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"हो, भेट झाली. जेवण झालं. कुठे? नदीवर... अरे ओरडू नकोस, मला ऐकू येतं! एकटी कुठे गेले, घोडी होती ना... म्हणूनच न्यायचं म्हणतोस? मिचिल, बाळा, अडकले ते. काढलं मी. आता तूच सांग, कोणी कोणाला सांभाळायला शहरात न्यायचं?"

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग खाली उतरली, अंगाचं गवत झाडत.

"काय म्हणाले दादा?" कुन्नेयने विचारलं.

"म्हणाला, पुढच्या रविवारी मीही येतो. बस. मी म्हटलं, ये, पण स्वतःच्या गाडीने नको. तुझी चकचकीत आहे."

त्याला पुष्कळ हिवाळे झाले. घोडे वाढले. आनिसबाई अजून तिथेच, गंजीवर आता नातवंडांना चढवतात. माझ्या दाराला गंज चढला, मागचं आसन उंदरांनी कुरतडलं, आणि तीन मुलं, दोन माणसं माझ्यात मावेनाशी झाली. म्हणून आज मला पाहायला पाहुणे येणार आहेत. नवं जोडपं, वरच्या गावचं.

कुन्नेयने मला सकाळपासूनच बंद करून ठेवलंय. कोणी मागितलं नव्हतं. आयताल म्हणाला, "आणि नाही उठली तर?" ती म्हणाली, "तर त्यांना कळायला हवं." आणि गोधडी घालून गेली. गोधडी माझ्याबरोबर द्यायची, असं आनिसबाईंनी बजावलंय.

तर माझ्यासारखी कोणी घ्यायला निघालात, तर लाथा मारू नका, पॉलिश बघू नका. आधी बंद करायला सांगा. गार झाली की हात ठेवून पाहा. आणि एक बाजारात विचारता येत नाही ते घरी विचारून ठेवा: वाटेत आपला आवाज थांबला, तर तो कोणाला ऐकू येईल?

पावलं वाजतायत बर्फावर. दोघं आहेत. तो चाकाला लाथ मारतोय. ती हातमोजा काढतेय, गोधडीच्या बाहीतून हात आत घालून माझ्यावर तळवा ठेवतेय. बोलत काही नाही. बरं आहे, तशीच बरी असते.

ऊबदार आहे हात. मी आलेच, पोरी. दोनदा कुरकुरेन, तेवढं थांब.