बसायची चोरी

बक्षीस म्हणून मला काय मिळालं, तर आरामखुर्ची! सोफा-खुर्च्यांच्या दुकानात मी विक्रेती. मालकांनी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं, "या बाई दोन वर्षांत एकदाही खाली टेकल्या नाहीत. याला म्हणतात कामावरची निष्ठा!" टाळ्या. निष्ठा कसली डोंबलाची! बसलं की अगदी योनीच्या तोंडाशी निखारा ठेवल्यासारखं भाजायचं, म्हणून उभी राहत होते.

"बसा, फोटो काढू," मालक म्हणाले. बसले, आणि ताडकन उठले ती थेट त्यांच्या पायावर. फोटोत कळवळलेला चेहरा त्यांचाच आलाय.

कॅशियर ताईंनी मला गाद्यांच्या ढिगामागे ओढलं. "कुठे दुखतंय?"

"कंबर."

"मला शेंडी लावू नकोस."

मग मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तीन डॉक्टर झाले होते. पहिल्याने न तपासताच बुरशीचं मलम दिलं, दुसऱ्याने तेच मलम जास्त दिवस. तिसऱ्याने सगळ्या तपासण्या करायला लावल्या, काहीच निघालं नाही, तर म्हणाला, "मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नका." नवरा बिचारा जवळ यायलाही घाबरायचा. आणि मी जंतुनाशक साबणाने रोज घासघासून धूत होते, आग आणखी भडकत होती. खरं सांगते, शेवटी शेवटी मलाच वाटायचं, आपलं डोकं फिरलंय.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं," ताई म्हणाल्या. "एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या ऐकून घेतात."

त्यांनी खरंच ऐकलं. तपासण्यांचे कागद पाहिले. मग कापसाची ओली काडी घेऊन बाहेरच्या भागावर एकेका ठिकाणी हलकेच टेकवत गेल्या. इथे? नाही. इथे? नाही. इथे?

"आई गं! तिथेच! तिथेच!" मी किंचाळले, आणि लॉटरी लागल्यासारखी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी, तोंडाने खिदळणं. शेवटी त्याही हसायला लागल्या.

"संसर्ग नाही, त्वचेचा आजार नाही. आणि मनाचे खेळ तर मुळीच नाहीत," त्या म्हणाल्या. "इथल्या नसा फार हळव्या झाल्यात, आणि दुखेल या धास्तीने स्नायू आवळून बसलेत. व्हल्वोडिनिया म्हणतात याला." साबण बंद, नुसतं पाणी. बधिर करणारं मलम. आवळलेले स्नायू सैल करायला फिजिओथेरपी. "काही महिने लागतील. पण बऱ्याच जणींना आराम पडतो."

महिने? लागू देत की! मी बाहेर आले ती हवेत तरंगतच.

"काय निघालं गं?" ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"व्हल्वोडिनिया!" मी भर वेटिंग रूममध्ये ओरडले. "योनीच्या तोंडाशी दुखतं ना, त्याला नाव आहे, ताई! उपाय आहे! मी वेडी नाहीये!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी पर्समधून पेन काढलं.

"परत सांगतेस का, बाळा?" त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. मला दुखायला लागून चाळीस वर्षं झाली."