पानाची भूक ओळखणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे. जेमतेम वीतभर, पण माझ्या अंगावर हिरव्या रंगाच्या चार छटा आहेत, पिवळसर पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत. भाताचं पान माझ्यावर ठेवलं की त्याला युरिया हवा की नको, ते मी सांगते. आहे की नाही ऐट!

एका शेतकरी मेळाव्यात मी पोशीरच्या अंबाबाईंच्या हाती आले. पहिलं वर्ष खुंटीला लटकून काढलं. त्यांचा मुलगा सहदेव साजगावच्या कारखान्यात कामाला. सुट्टी रविवारची, म्हणून युरियाही रविवारीच पडायचा, भाताला भूक असो वा नसो! त्या वर्षी भात इतकं माजलं की वारा येताच आडवं झोपलं. चिखलातल्या लोंब्या उचलताना अंबाबाई रडल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. मला विचारायचं तरी!

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी सहदेव घमेलं भरून निघाला. अंबाबाईंनी मला त्याच्या हाती दिलं. यंदाही भात झोपलं तर शेतीच सोडायची, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. त्याने भर उन्हात पान माझ्यावर धरलं आणि फिकं आहे म्हणत घमेल्यात हात घातला. माझा जीव टांगणीला लागला.

"उन्हात फिकंच दिसंल रं," अंबाबाई म्हणाल्या. "उन्हाकडं पाठ कर. पानावर तुजी सावली पडू दे."

मग त्याने दहा रोपांची पानं, न तोडता, सावलीत माझ्यावर ठेवली. दोनच फिकी निघाली; निम्म्याहून जास्त फिकी असती, तरच भाताला भूक. युरिया परत गोणीत गेला.

"आन् मधल्या वारी भूक लागली तर? मी कामावर असंन."

"मी हाय ना."

दहा दिवसांनी, बुधवारी, सात पानं फिकी निघाली. अंबाबाईंनी पदर खोचला आणि स्वतः युरिया टाकला.

दसऱ्याच्या सुमारास वारा सुटला. शेजारच्या खाचरांतलं भात झोपलं. आमचं भात लोंब्यांसकट ताठ उभं! शेजारचे दशरथकाका बांधावरूनच मला मागू लागले. त्या दिवशी मी किती मिरवले म्हणून सांगू!

आता सहदेव कारखान्यात सुट्टीचा वार बदलून मागतो. कारण विचारलं तर सांगतो, "भाताला भूक लागलीय."

मित्रांनो, एवढंच करा. काम झालं की मला पुसून अंधाऱ्या पेटीत ठेवा, उन्हात टाकू नका. माझे रंग उडाले तर मी खोटं सांगेन, आणि अंबाबाई ते खरं मानतील.