वरवंट्याचे किडे

खडवलीला नदीकाठच्या पत्र्याच्या शेडपुढे सकाळपासून रांग लागलेली. कुणाच्या मांडीवर गळू, कुणाचे डोळे पुवाने चिकटलेले. आत गुणाजीबाबा धुरी देत बसलेला. पाण्याची परात, तिच्यात मधोमध निखाऱ्याचं मडकं, निखाऱ्यावर तुपात कालवलेल्या ‘मंतरलेल्या’ बिया. दुखरा भाग धुरावर धरायचा, वरून घोंगडी टाकायची. घोंगडी उचलली की पाण्यात पांढरे किडे तरंगायचे आणि लोक हात जोडायचे. मग बाबा एका ओल्या फडक्याने गळू पुसायचा, आणि त्याच फडक्याने पुढच्याचे डोळे.

रांगेतली योगिनी त्या फडक्याकडे बघत होती. कल्याणच्या इस्पितळात वीस वर्षं नर्स होती ती, पुवाची तिला किळस नव्हती. त्या फडक्याची होती.

तिच्या मागेच तिची आई गोदा बसलेली, मांडीवर नऊ वर्षांची नात कृतिका, तापाने फणफणलेली. पोरीच्या नडगीवर आधी साधं गळू आलं, मग आतलं हाड नासायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हाडातला पू लगेच साफ केला नाही तर पाय जाईल. गोदा म्हणाली, “बाबांनी दोन खेपेत अठरा किडे काढलेत. कापाकापी कशाला?” कृतिकाचा बाप, योगिनीचा भाऊ देवेश, आईच्या शब्दाबाहेर नाही. योगिनीने घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातला एक किडा गोदाने देवघरात डबीत जपून ठेवलेला. काल योगिनीने तो भिंगाखाली धरला. ना तोंड, ना पोट, शेपटाला बीचं टरफल चिकटलेलं. तेव्हाच तिने ठरवलं.

तिची पाळी आली. कुशीत कुंची घातलेलं बाळ; शेजारणीचं, असं तिने आईला सांगितलेलं.

“बाबा, तान्हं आहे. उघडू नका, वारा बाधेल.”

“उघडायची गरजच नाय. मला आतलं दिसतं.” बाबाने डोळे मिटले. “डाव्या मांडीच्या हाडात कीड. ग्रहणात काही चिरलंस ना?”

“चिरलं असेल.”

घोंगडी पडली, उठली. “तेरा! उद्या आली असतीस तर पोर हातचं गेलं असतं बघ.”

मागे गोदाही किडे मोजत होती. योगिनीने कुंची सोडली. आत वरवंटा.

गोदाने तो टोकाच्या टवक्यावरून ओळखला. तिच्याच घरातला. कृतिकाच्या बारशाला हीच कुंची घालून तिनेच तो पाळण्याखालून फिरवला होता.

बाबा गडबडला, पण जीभ सैल होती. “बाई, दगडातच देव असतो.”

“असेल की. पण डाव्या मांडीत?”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. योगिनीने बाबाच्याच थैलीतल्या मूठभर बिया निखाऱ्यावर टाकल्या. धुरावर माणूस नाही, दगड नाही. बिया तडतडल्या आणि पाणी किड्यांनी भरून गेलं.

“रिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या, बिया आहेत या. तापल्या की फुटतात, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. तो तुमचा किडा.”

“पण माझे डोळे बरे झाले ना,” एक म्हातारा कुरकुरला.

“आलेले डोळे बरेचदा आपसूक बरे होतात, काका. नासलेलं हाड होत नाही. आणि या फडक्याने डोळ्यांची साथ घरोघर जाते.”

बाबाला एकाएकी संध्येची वेळ आठवली. गोदा कृतिकाला उचलून उठली. “रिक्षा बघ,” एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी हाडाचा बोटभर मेलेला तुकडा काढला. पुढे सहा आठवडे औषधं. पाय वाचला, नडगीला खाच मात्र कायमची राहिली.

ती खाच बघून गोदा एकदा म्हणाली, “बारशाला वरवंट्याला बाळ म्हणतो, तेव्हा खेळ आहे हे कळतं आपल्याला. इथं मी पोरीचा पाय पणाला लावून खेळले गं.”

आता तुम्हीच ठरवा. गळू, डोळे, हाड नासवणारे जंतू उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्यासाठी दवाखाना आहे. आणि कुणी परातीत किडे दाखवलेच, तर हात जोडण्याआधी घरचा वरवंटा घेऊन जा.