समोरून पाहिलेला हात

माळीणबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवऱ्याच्या हातात हाडांशिवाय काही उरलं नव्हतं, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

माळीबुवांचे सांधे धरले होते. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सुपारीएवढ्या गाठी, बोटं आल्याच्या कांड्यांसारखी. खिशातला पितळी मुठीचा चाकू उघडायचा तर पात्याच्या खाचेत नख घालून ओढावं लागे, आणि त्याची स्प्रिंग अशी ताठ की भल्याभल्यांनी हात टेकावेत. महिनाभर बुवांनी एक कलम बांधलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "हवा बरोबर नाही." हवा चांगली होती. दुसऱ्याकडून चाकू उघडून घेण्यापेक्षा हा माणूस उपाशी राहिला असता.

आणि शनिवारी शेजारच्या आवारातलं म्हातारं संत्र्याचं झाड तुटणार होतं. तिथं भिंत येत होती. तसलं पातळ सालीचं संत्रं दुसरीकडे कुठं नव्हतं, आणि त्याची काडी इतकी नाजूक की बुवांशिवाय कुणाच्या हातून कलम जगत नसे. सुनेनं गेल्या वर्षी सहा बांधली, सहाही वाळली. शनिवारी बुवांचा हात चालला नाही तर त्या झाडाचा वंश संपला.

गुरुवारी बाई सुनेला घेऊन चाकूच्या दुकानात गेल्या. दुकानदार चाकावर धार लावत बसला होता. उठला नाही.

"कुणाला पाहिजे?"

"आमच्या ह्यांना. सांधे धरलेत."

"मग हात कुठंय? जोडे घ्यायला पाय आणतात, ताई."

"पाय आपला आपण चालत येतो हो. आमचा हात खिशातून बाहेर येत नाही."

"तर मग सांगा, कसा आहे."

बाईंनी सांगितलं. अंगठा वर होतो पण दाबत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाही. चिमूट धरता येते, मूठ नाही. सकाळी दहापर्यंत तर नुसता दगड. दुकानदारानं चाक थांबवलं. एवढा बारकावा डॉक्टरलाही सांगता आला नसता.

बटणाचा चाकू त्यानं स्वतःच बाजूला सारला. "पातं उसळतं. अशक्त हाताला धक्का बसतो, चाकू सुटतो." पोलादी मुठीचा बाईंनी हातात घेऊन ठेवून दिला. "हा खिशात घातला तर पँट खाली यायची." सून तोंड फिरवून हसली.

तिसरा होता जाड, खरबरीत प्लॅस्टिकच्या मुठीचा, वजनाला चमच्याएवढा. पात्यात गोल भोक होतं, अंगठा टेकवून ढकलायला.

"ती दोन बोटं न मिटता उघडा," दुकानदार म्हणाला.

बाईंनी उघडला. टक.

"आता मिटा. उघडायचं सगळे विचारतात, मिटायचं कुणी विचारत नाही."

तळव्यानं कळ दाबली आणि पातं आत गेलं. माणूस गुणी आहे, बाईंच्या मनात आलं. दहा वर्षांत घरातल्या कुणाबद्दल त्यांच्या मनात असं आलं नव्हतं.

"कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते. उजव्या हाताची लावू की डाव्या?"

"उजव्या. माणूस आहे तो, खेकडा नाही."

घरी बुवांनी चाकू चटकन उघडला. एक काडी घेतली, कापली. काप ओबडधोबड आला. बुवांनी चाकू मिटला आणि म्हणाले, "छान आहे."

चाळीस वर्षांत जेवणाला छान न म्हटलेला माणूस. बाई समजल्या, काहीतरी बिनसलंय.

"परत कापा बघू."

बुवांनी दुसरी काडी घेतली. या वेळी बाई समोरच्या आपल्या स्टुलावरून उठल्या आणि त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. चाकू डाव्या हातात होता.

बुवा कापणार, बाई समोर बसून पट्टी बांधणार, अशी चाळीस वर्षं गेली होती. समोरून चाकू बाईंच्या उजव्या अंगाला दिसायचा, म्हणून तो उजवा.

"अहो, जेवता उजव्यानं, लिहिता उजव्यानं. हे काय?"

"चाकूपुरतंच. मी गुरूच्या समोर बसून शिकलो. त्यांचा हात जसा दिसला तसा चालवला."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"आत्ता तरी बोलायचं. धार उलटी आहे म्हणून."

"तू निवडून आणलास," बुवा म्हणाले आणि चाकूकडे बघत राहिले.

बाईंनी चाकू त्यांच्या हातातून घेऊन मिटला. "उद्या माझ्याबरोबर दुकानात चला. हात बाहेर काढून. चूक माझ्या डोळ्यांची आहे, तुमच्या बोटांनी लाजायचं कारण नाही."

शुक्रवारी बुवांनी दोन्ही हात दुकानाच्या काचेवर ठेवले. दुकानदारानं ते नीट पाहिले, कीव न करता, आणि तोच चाकू चाकावर धरून धार दुसऱ्या बाजूला फिरवली. तास गेला. मग त्यानं कानावरची पेन्सिल पुढं केली. बुवांनी डाव्या हातानं ती तिरकी कापली, एकाच ओढीत. काप आरशासारखा. दुकानदारानं ती पेन्सिल परत कानावर लावली नाही. काचेच्या कपाटात, चाकूंच्या शेजारी ठेवली.

शनिवारी आठलाच कुऱ्हाडवाले आले. बाई झाडाखाली स्टूल टाकून बसल्या. "दहा वाजेपर्यंत थांबा. आमच्या बोटांना अजून जाग यायची आहे." कुणाची हलवायची छाती झाली नाही.

दहाला चाकू वाजला. टक. बुवांनी बारा काड्या कापून रोपांवर बसवल्या, बाईंनी पट्ट्या बांधल्या. कुऱ्हाडवालेसुद्धा विडी हातात तशीच धरून पाहत राहिले.

महिन्याभरात दहा कलमांना कोंब आले. सून शिकायला म्हणून स्टूल घेऊन आली आणि सासऱ्यासमोर टेकली.

"समोर नको," बाई म्हणाल्या. "शेजारी बस. घरात एक खेकडा पुरे."