पहिला टोला पडेपर्यंत

आमच्या झारानं दाढ्या कापल्या, दलदलीत नवं शहर उठवलं आणि लढाईसाठी चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या. आमचीही घंटा गेली. त्यानंतर नऊ वर्षं गावात लग्न लागलं तरी शुकशुकाट, माणूस गेलं तरी शुकशुकाट. माझा फोमा त्याच वर्षांत गेला. सहा वर्षांचा होता. घंटेविना पुरला त्याला.

शेवटी घराघरांतून तांब्याची भांडी जमा झाली आणि माझ्या नवऱ्यानं, येव्सेईनं, साचा बांधला.

आता घंटा ओतायची म्हणजे एक थाप मारावीच लागते, आणि चांगली मोठी. ती जितकी लांब जाईल, तितका घंटेचा आवाज लांब जातो. पहिला टोला पडेपर्यंत मात्र ती थाप होती असं कबूल करायचं नाही. केलं, की घंटा फुटकी निघालीच म्हणून समजा. येव्सेईला थाप कुठली जमायला! कानापर्यंत लाल होतो बिचारा. म्हणून ते काम माझ्याकडे.

बाजारात मासेवालीला गाठलं. "कुणाला सांगू नकोस हं. ईस्टरला झार स्वतः येतोय. घंटा नेली म्हणून माफी मागायला."

"अगं बाई! झार? माफी?"

"तुझ्या गळ्याशपथ!"

आठवड्यात थाप व्होल्गापार पोचली. येव्सेई वितळल्या तांब्याचा रस साच्यात ओतत होता, नेमका तेव्हाच एक गुळगुळीत गालांचा अंमलदार शिपाई घेऊन दारात हजर.

"झाराबद्दल ही अफवा कुणी उठवली?"

येव्सेईनं मान वर केली. मी ओरडले, "तू भट्टीकडे बघ! हुजूर, मी सांगितलं."

मला चौकीत नेलं. अंमलदार म्हणाला, "थाप होती म्हण, पाच फटक्यांत सुटशील. नाहीतर मॉस्कोला धाडतो. तिथं जीभ छाटतात."

जीभ मला प्यारी होती, खोटं कशाला बोलू? पण घंटा अजून मातीत निवत होती.

"आज नाही सांगत," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल, हुजूर."

दुसऱ्या दिवशी पाचाचे दहा झाले, तिसऱ्या दिवशी पंधरा. चौथ्या सकाळी बर्फावरची घसरगाडी जुंपली. चौकीतला कारकून प्रोखोर आमच्याच गावचा. मला मॉस्कोला धाडायचा कागद तो तासभर लिहीत बसला होता.

"झालं का नाही रे?" अंमलदार खेकसला.

"शाई गोठलीय, हुजूर. फुंकर घालतोय."

मला गाडीत बसवलं. शिपायानं लगाम उचलला, आणि टेकडीवरून टोला आला. असा भरघोस, की घोडा बिचकला. मी ढसाढसा रडले.

"प्रोखोर, लिही आता. थाप होती!"

अंमलदार संतापला. "मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा घंटा तयार नव्हती."

वीस फटके बसले. एकही कमी केला नाही मेल्यानं.

घरी मी पालथी पडले होते. येव्सेई पाठीला चरबी लावत मुसमुसत होता. "पाचात सुटली असतीस गं."

"रडत काय बसलास? माझी पाठ भरून येईल," मी म्हटलं. "ऊठ, टेकडीवर जा. आपल्या फोमासाठी वाजवायची राहिलीय."