अचलपूरची पार्टी

दुर्गाबाईंचा डावा पाय अर्धांगवायूत गेला, तेव्हापासून त्या भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. म्हणून मुलगा संघपाल आणि सून दीपमाला अमरावतीत तळमजल्याचं घर शोधत होते. कठोरा रोडला एक मिळालं. खोल्या लहान, पण पुढे चाकाची खुर्ची सहज फिरेल एवढं अंगण. मालक खुशालराव मुलाकडे अकोल्याला राहायला गेले होते. व्यवहार वामनराव नावाचा दलाल पाहत होता.

सांगितलेली किंमत संघपालने कबूल केली. इसार देण्याआधी आईला एकदा दाखवावं, म्हणून शेजाऱ्यांच्या मदतीने दुर्गाबाईंना खुर्चीसकट खाली आणलं. त्या घरात शिरल्या, समोरची भिंत पाहून म्हणाल्या, "इथं बुद्ध अन् बाबासाहेब लावू. सकाळचं ऊन येते इथं."

वामनराव दारातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "साहेब, अचलपूरची एक पार्टी आली. तुमच्यापेक्षा लाखभर जास्त देऊन राह्यली."

"पन आपलं ठरलं होतं ना?"

"इसार कुठं झाला? मालक म्हनते, जास्त देईन त्याले."

संघपालने लाख वाढवले. पार्टीने आणखी वाढवले. दीपमालाच्या पाटल्या मोडायच्या ठरवून त्याने पुन्हा आकडा सांगितला. पार्टी पुन्हा वर.

"अशी कशी पार्टी हाय ही?" दीपमाला म्हणाली. "आपन सांगतलं का लगेच तिचा वरचा आकडा येते. कोनी पाह्यली हाय का तिले?"

दीपमाला शाळेत शिकवायची. सोबतच्या पौर्णिमाला तिने गळ घातली. "तू गिऱ्हाईक बनून जा. अचलपूरवाले खरंच हायेत का, एवढंच समजू दे."

पौर्णिमा नवऱ्याला, गोपालला, घेऊन घर पाहून आली. म्हणाली, "अचलपूरचं नावच नाही निघालं, ताई. तुमाले पहिल्यांदा सांगतली होती तेच किंमत सांगतली आमाले."

हे ऐकून संघपालला उलट बरंच वाटलं. लबाडी दलालाची, मालकाला बिचाऱ्याला माहीतही नसेल. रविवारी दोघं अकोल्याला गेले. खुशालरावांनी आदराने बसवलं, त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, चहा आणला.

"काका, इसार आताच देतो," संघपाल म्हणाला. "फक्त त्या अचलपूरच्या पार्टीचं खरं काय ते सांगा."

खुशालरावांनी चहा बशीत ओतला. "आमचं काही नाही बाप्पा. आमी मानत नाही ते. पन तिथं, त्या घराच्या बाजूले माये दोघं भाऊ राह्यतात. उद्या त्याइले तोंड दाखवा लागते मले."

"अन् पार्टी?"

"वामनरावले मीच म्हनलं होतं, नाही म्हनाचं तं तोंडावर नको म्हनू. वाईट वाटते मानसाले. किंमत वाढवत जाय, ते आपोआप मांगं सरतीन. तुमी एवढे वाढवत जासान, हे कोनाले माहीत?"

दीपमालाने कप खाली ठेवला. दोघं उठले. मैनाबाई दारापर्यंत आल्या. जेवून जा, म्हणाल्या.

परतीच्या एसटीने मूर्तिजापूर मागे टाकलं. मग संघपालने विचारलं, "तक्रार करावी का?"

"काय लिहाल? पैसे दिले नाही, कागद झाला नाही. शिवी नाही दिली कोनी. जेवून जा म्हनले."



महिन्याभराने मधल्या सुट्टीत पौर्णिमा दीपमालाजवळ येऊन बसली. डबा उघडला नाही. "ताई, ते घर आमी घेतलं. आमच्या यायले पाह्यताबरोबर आवडलं होतं. किंमतही उतरवून देली त्यायनं."

दीपमालाने स्वतःच्या डब्याचं झाकण लावलं.

"मी नसतं घेतलं तं दुसऱ्या कोनी घेतलं असतं," पौर्णिमा हळूच म्हणाली. "तुमाले तं ते देनारच नव्हते ना."

 घंटा झाली. दीपमाला वर्गावर गेली आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मुलं शांत झाली, तरी तिला वळता येईना.

घरी तिने सासूला एवढंच सांगितलं, की घर गेलं. दुर्गाबाईंनी मान हलवली. रात्रीची भाकर पुढे आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी भिंतीचं बोलली त्या दिवशी, म्हनून ना?"

"नाही, आई. तसं काही नाही."

"दुसरं पाह्यले जासान तं मले नेऊ नका. काही बोलनार नाही मी. पन नेऊच नका."

संघपालने ताट सरकवलं. मधे आणखी एका दलालाचा फोन येऊन गेला होता. त्याने उचलला नव्हता. भाड्याचा करार संपत आला होता. पुढच्या आठवड्यात त्याने तो पुन्हा करून घेतला, त्याच तिसऱ्या मजल्याचा.