मेन स्विचपाशी

धाकट्या दिराला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हे मी इस्पितळातच ठरवलं होतं. दोघं भाऊ इलेक्ट्रिशियन. त्या दिवशी माझा नवरा शिडीवर होता आणि खाली मेन स्विचपाशी हा. फोनवर मित्राशी खिदळता खिदळता महाशयांनी काम झालं असं समजून स्विच चालू केला. नवऱ्याचा जीव वाचला, उजवा हात मात्र कामातून गेला. बोटं आहेत, पण नुसती नावाला.

आणि नवरा काय म्हणाला? "जाऊ दे, पोरगं आहे. मी माफ केलं." केवढं मोठं मन, म्हणत नातेवाइकांनी त्याला डोक्यावर घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या शर्टाची बटणं रोज मला लावावी लागत होती, नातेवाइकांना नाही.

पण घर तर चालायला हवं. दोघांनी पुन्हा एकत्र कामं घ्यायला सुरुवात केली. आता शिडीवर दीर आणि स्विचपाशी नवरा.

"वहिनी, खाली दादा असला की मला घोर नाही," दीर म्हणाला.

"तुम्हाला घोर कधी होता, भाऊजी?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज डबा द्यायला मी कामावर गेले. रिकाम्या ऑफिसात दीर आमच्याकडे पाठ करून शिडीवर उभा होता, छतातल्या उघड्या तारा बोटांनी पिळत, गुणगुणत. नवरा बोर्डापाशी. डावा हात स्विचच्या दांड्यावर.

"अहो, जेवून घ्या."

त्याने वळून पाहिलं नाही. बंद केलेल्या स्विचवर हात ठेवून बसायचं काही कारण नसतं, एवढं मलाही कळतं. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि नजर दिराच्या बोटांवर होती.

ज्याला मी उठता बसता शिव्याशाप देत होते, त्याच्यासाठी मी धावले. नवऱ्याचं मनगट धरलं, एकेक बोट सोडवलं. त्याने सोडवू दिलं.

"भाऊजी, खाली या!"

"दोनच तारा राहिल्यात, वहिनी. दादा आहे ना."

"खाली या म्हणते ना!"

नवरा मटकन बसला. "मी माफ केलंय गं त्याला," तो पुटपुटला. "रोज सकाळी करतो. मग तो वर चढतो, आणि..."

दीर हात पुसत उतरला. "काय झालं?"

"चढण्याआधी फ्यूज काढायचा," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि तुझ्या खिशात ठेवायचा."

"तू असताना? कशाला?"

"मी असताना."

दिराने माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा पिशवी उचलून निघून जाणार. गेला असता तरी मी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याने फ्यूज ओढून काढला. खिशात टाकला आणि वरून दोनदा चाचपून पाहिला.

"चढू, दादा?"

"चढ," नवरा म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.